हनुवटी उचलेपर्यंत

३ मार्च, मंगळवार

आमच्या चर्चच्या पास्टरच्या बायकोने ही वही दिली. म्हणाली, "सिस्टर ओपल, मनातला राग कागदावर उतरवा, म्हणजे हलकं वाटेल."

मी म्हटलं, "मला जड होतच नाहीये. चव्वेचाळीस वर्षं उचलतेय, सवय आहे."

हसली नाही. त्या बाईला हसायलासुद्धा नवऱ्याची परवानगी लागत असणार.

मी शाळा सातवीत सोडली, कापूस वेचायला. तेव्हा अक्षर हे असंच राहणार. माझ्यामागे कुणी ही वही वाचत असाल तर डोळे फुटोत तुमचे.

माझा नवरा डॉयल जानेवारीत गेला. त्याला पुरलं त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की पेटी उचलणाऱ्यांना पुढच्याची पाठ दिसत नव्हती. महामार्ग बंद, गावातले रस्ते बंद. ज्या ऑईलडेल गावाला त्याने आयुष्यभर दर शनिवारी ड्रम वाजवून नाचवलं, त्या ऑईलडेलमधलं कुत्रंसुद्धा आलं नाही. आमच्याकडे अंत्ययात्रा निघाली की लोक गाड्या कडेला घेतात, उतरतात, हॅट काढून छातीशी धरतात. मेलेला ओळखीचा असो नसो. ट्रकवाले, तेलविहिरींवरचे, दारूडेसुद्धा. माझ्या डॉयलसाठी एकाची हॅट उतरली नाही. उतरली असेल तर धुक्यात मला दिसली नाही, आणि न दिसलेलं मी धरत नाही.

एक पुष्पचक्र तेवढं आलं होतं, ट्रॅक्टरच्या चाकाएवढं. वर नाव नाही. कुणाचं ते मला कळलं. कोंबड्यांना घातलं.

८ मार्च, रविवार

आज जेवताना कोरिन नुसतीच घेवड्याच्या शेंगा इकडून तिकडे ढकलत होती. कोरिन माझी नात. तिची आई, म्हणजे आमची लॉर्ना, तिसऱ्या नवऱ्यामागे रीनोला गेली तेव्हापासून पोरगी आमच्याकडे. दिवसा टायरच्या दुकानात असते, शनिवारी ड्रम वाजवते. आजोबाचेच ड्रम, आजोबानेच शिकवलेले.

"आजी," ती म्हणाली, "ओरडणार नसशील तर सांगते."

"मी कधी ओरडते?" मी ओरडले.

"नऊ मेला जत्रेच्या मैदानावर रॉईस केंड्रिकचा सत्कार आहे. गाव त्याच्या नावाने रस्ता करतंय. तो गाणार आहे. आणि ड्रमवर मी हवी म्हणून त्याने स्वतः फोन केला होता."

मी उठले, मक्याच्या पावाचा तवा उचलला आणि अंगणात जाऊन पावासकट कोंबड्यांपुढे उलटा केला. परत येऊन बसले.

"हे ओरडण्यापेक्षा वाईट आहे," कोरिन म्हणाली.

१० मार्च

पास्टरच्या बायकोने सांगितलंय की राग पहिल्यापासून लिहायचा. लिहिते.

रॉईस केंड्रिक आमच्याच गल्लीतला. त्याचा बाप माझ्या बापाबरोबर बटाटे काढायचा. आवाज होता मेल्याला, हे मी नाकारत नाही. गाढवालाही शेपूट चांगलं असू शकतं. तो गायचा, डॉयल ड्रम वाजवायचा, आणखी तिघे होते, बँडचं नाव सॉल्टबुश. खेड्यातली गाणी पण विजेच्या गिटारवर. त्या वर्षांत सगळ्या पोरांना तेच खूळ लागलं होतं. फक्त यांचं ऐकायला लोक यायचे, कारण मागे डॉयल होता.

रॉईसला मोजता येत नाही. चारापर्यंतही. गाण्यात शिरायचं कधी हे त्याला देवाने सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो सुरुवातीला लोकांकडे पाठ करून डॉयलकडे बघायचा. डॉयल हनुवटी उचलायचा, मग हा शिरायचा. लोकांना वाटायचं केवढी ऐट आहे, पाठ करून उभा राहतो.

'कालव्याकाठी' हे त्यांचं गाणं अजून रेडिओवर लागतं. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळं एकदम गप्प होतं. गिटार नाही, आवाज नाही. मग ड्रमच्या कडेवर एक टकोरा, आणि सगळे पुन्हा कोसळतात. लोक त्या थांब्यासाठी ते गाणं लावतात. मुलाखतीत रॉईस सांगतो, तो थांबा म्हणजे माणसाच्या आयुष्यातलं रितेपण वगैरे. रितेपण कसलं! रेकॉर्ड करताना डॉयलच्या हातून काठी पडली. ती खुर्चीखाली गेली. तो ती उचलेपर्यंत कुणी वाजवायचं धाडस केलं नाही, इतकंच. नंतर प्रत्येक कार्यक्रमात डॉयल त्याला हवा तेवढा वेळ थांबायचा. कधी श्वासभर, कधी लोक चुळबुळायला लागेपर्यंत. रॉईस तोंड उघडं ठेवून त्याच्या हनुवटीकडे बघत उभा. सबंध कार्यक्रमात त्या मोठ्या माणसाला थांबावं लागे अशी तेवढी एकच जागा.

आणि त्या ड्रमचा तो मऊ, धपकन बसणारा आवाज? छोट्या ड्रमवर माझं भांडी पुसायचं निळ्या चौकड्यांचं फडकं टाकलेलं असायचं. म्हणजे रेकॉर्डवर ज्याचं नाव छापलंय त्याच्यापेक्षा मी जास्त वाजलेय.

नाव कुणाचं छापलंय? लॉस एंजेलिसच्या कुणा फटिंगाचं. डॉयलने वसंतात रेकॉर्ड केलं, आणि नोव्हेंबरात रेकॉर्ड बाहेर आली ती नव्या ड्रमवाल्याच्या नावाने. पाकिटावरच्या फोटोतून डॉयलला कापलेला. कडेला त्याचं कोपर तेवढं राहिलं. तो ते बघून हसला होता. "कोपर देखणं आलंय, ओपल." मग टायरच्या दुकानात कामाला गेला आणि मरेपर्यंत तिथेच होता.

मी ती रेकॉर्ड वरच्या प्लास्टिकसकट खुराड्यात कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याखाली ठेवली. भांडं डुगडुगत नाही.

हात दुखला. उरलेलं पुन्हा.

११ मार्च

उरलेलं. एकाहत्तरच्या सप्टेंबरात, दौरा पार नाताळापर्यंत ठरलेला असताना, रॉईसने डॉयलला वाळवंटातल्या बार्स्टोच्या बसथांब्यावर सोडलं. ड्रम आठवड्याने पार्सलने आले, कचरा पाठवावा तसे.

ते दिवस माझे धड नव्हते. ऑगस्टमध्ये आमचा दुसरा झाला, मुलगा, तो रडलाच नाही. त्यानंतरचं मला फार आठवत नाही. सासू लॉर्नाला स्वतःकडे घेऊन गेली होती. डॉक्टर मला डोंगरापलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायच्या गोष्टी दारात उभा राहून करायचा, मी मेल्यासारखी. मी भिंतीकडे तोंड करून असायचे. भिंतीचा रंग आठवतो.

एका दुपारी डॉयल दारात. मी विचारलं, "दौरा?" म्हणाला, "त्यांना दुसरा मिळाला. माझ्याहून चांगला." आणि स्वयंपाकघरात जाऊन सूप करायला लागला. खारट होतं. मी प्यायले.

म्हणजे त्या हरामखोराने नेमका तेव्हा हाकलला म्हणून सूप करायला घरात माणूस तरी होता. पण त्याचं श्रेय मी रॉईसला देणार नाही. त्याने काही माझा विचार करून हाकलला नव्हता.

२१ मार्च, शनिवार

सुचलं! कपडे वाळत घालताना सुचलं, आणि मी चिमटे तोंडात धरूनच हसले.

रॉईस अजूनही लोकांकडे पाठ करतो. कोरिनने तिच्या फोनवर दाखवलं, मागच्या वर्षीचा कुठलातरी कार्यक्रम. केस गेले, पोट आलं, पण थांबा आला की वळतो आणि ड्रमवाल्याच्या तोंडाकडे बघत राहतो. टकोरा पडला नाही तर या माणसाला पुन्हा गाण्यात शिरताच येणार नाही.

मग टकोरा पडायचाच नाही.

सगळा गाव समोर. मेयर, पास्टर, बटाट्यांच्या वेळचे म्हातारे. रस्त्याला नाव दिल्याची पाटी मागे. आणि हा मध्ये उभा, तोंड उघडं, बसथांब्यावर सोडून दिल्यासारखा. राहू दे उभा. बघू दे कसं वाटतं.

डॉयलला पुरताना गाव आलं नाही. याला गाडताना तरी येईल.

५ एप्रिल, ईस्टर

चर्चहून आलो, हॅम कापलं, आणि पोरीला सांगितलं. तिने काटा खाली ठेवला.

"नाही."

"काय नाही?"

"आजी, मी ड्रम वाजवते. गाणं चालू असताना ड्रमवाल्याने हात काढून घ्यायचा नसतो. आजोबानेच शिकवलंय. माणूस आवडो न आवडो, पडू द्यायचा नाही."

"त्याने तुझ्या आजोबाला पडू दिलं!"

"आणि तो मला जूनपासून दौऱ्यावर नेणार आहे," ती एका दमात म्हणाली. "पार पूर्व किनाऱ्यापर्यंत. तुला सांगणार होते. नऊ तारखेला जमलं तर."

तर असं आहे. मुसक्या बांधून ठेवल्यात माझ्या. त्याचं नाक कापायला जावं तर पोरीचा हात कापला जातो. हे त्याने मुद्दाम केलं असेल का? रॉईसचं डोकं तेवढं चालत नाही, पण सांगता येत नाही.

मी म्हटलं, "जा मग त्याच्यामागे. बार्स्टोला पाणी पिऊन घे. तिथं सोडतो तो."

कोरिनने हॅम तसंच टाकलं आणि गाडी घेऊन गेली. पीचचा केक मी एकटीने खाल्ला. सगळा नाही.

१८ एप्रिल, शनिवार

आला. सांगितल्याशिवाय. मी टोमॅटोंना पाणी घालत होते. पांढरी गाडी थांबली, आधी काठी बाहेर आली, मग बूट, मग तो. बूट सापाच्या कातड्याचे. मी पाइप थोडा तिकडे वळवला.

तो हलला नाही. बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "ओपल."

"मेला नाहीस अजून?"

"प्रयत्न चालू आहेत."

"नेट लाव जरा."

तो कुंपणाला टेकला. धाप लागली होती. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण झिजून गेलाय. म्हणाला, "मी येत होतो जानेवारीत. घाटावरच पोलिसांनी अडवलं, खाली धुकं म्हणून. तिथल्या हॉटेलात बसून राहिलो. दफन झालं असेल त्या वेळेपर्यंत."

"कॉफी चांगली होती का?"

"नव्हती."

मी पाइप बंद केला आणि विचारून टाकलं. चव्वेचाळीस वर्षं ओठावर होतं, दात पडायच्या आत विचारावं म्हटलं. "का सोडलंस त्याला बार्स्टोला?"

त्याने काठीचं टोक मातीत रुतवलं. मग उलट मलाच विचारतो, "डॉयल काय म्हणाला होता?"

"तुम्हाला दुसरा मिळाला. त्याच्याहून चांगला."

"शेवटपर्यंत तेच म्हणाला?"

"मग काय दर ईस्टरला नवीन सांगणार?"

रॉईसने हॅट जरा पुढे ओढली. "मग तसंच, ओपल. मीच काढलं त्याला. मी हलकट आहे."

"आहेसच."

"आहे." आणि मग माझ्याकडे बघितलं, आजारी कोंबडीकडे बघावं तसं. "तू बरी असतेस ना हल्ली? झोप वगैरे लागते?"

याला काय करायचंय माझ्या झोपेशी? मी म्हटलं, "तुझ्या थडग्यावर नाचायचं स्वप्न पडतं, त्यात जाग येते मधून." तो हसला. हसतानाच खोकला. कोरिन बाहेर आली, त्याला गॅरेजमध्ये ड्रम दाखवायला घेऊन गेली. दारातून दिसलं मला. छोट्या ड्रमवरचं निळं फडकं त्याने दोन बोटांनी उचललं, बघितलं आणि परत होतं तसं घडीवर घडी ठेवून दिलं.

हलकट आहे म्हणून कबूल केलं त्याने. मला वाटलं होतं ऐकून फार बरं वाटेल. पाइप पुन्हा सोडला होता, टोमॅटोंना जास्त पाणी झालं.

२ मे, शनिवार

कोरिन तालमीहून आली. डोळे लाल. म्हणाली धूळ गेली. दोन्ही डोळ्यांत सारखीच.

मी न सांगता तिने भांडी घासली. मग पुसता पुसता विचारते, "आजी, आजोबा दौऱ्यावरून परत आले तेव्हा तू कशी होतीस गं?"

"ओंडक्यासारखी पडलेली होते. का?"

"आणि ते आले नसते तर?"

"तर मला डोंगरापलीकडे नेऊन टाकलं असतं. तिथून परत आलेली बाई मी एक बघितली, पाठीला कणाच नसल्यासारखी चालायची. काय चाललंय तुझं? रॉईस काय बरळला?"

"काही नाही. म्हणाला, आजोबा चांगलं वाजवायचे."

"हे सांगायला त्याला इतकी वर्षं लागली?"

तिने मला मागून मिठी मारली, ओल्या हातांनी. या घरात असली सवय नाही. कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

४ मे, सोमवार

सकाळी कोरिन कामाला निघता निघता दारात थांबली.

"तुझं ते करू आपण," ती म्हणाली. "थांब्याचं."

माझ्या हातातून अंडं पडता पडता राहिलं. "आणि दौरा?"

"दौऱ्याचं मी बघते. पण माझी अट आहे. तू माझ्या बाजूला बसायचंस, स्टेजवर, ड्रमच्या मागे. थांबा आला की मी हात वर घेऊन तुझ्याकडे बघणार. तू हनुवटी उचललीस की टकोरा. नाही उचललीस तर नाही. दहा मिनिटं ठेव, नाहीतर सकाळपर्यंत. पण धरायचं तूच, आणि सोडायचंही तूच. माझ्यावर नको."

"आणि मी उचललीच नाही तर?"

"तर सगळे घरी जाऊ."

चावी फिरवत गेली. पोरगी कुणावर गेलीय कळत नाही. लॉर्नावर नाही, देवाची कृपा.

८ मे, शुक्रवार

निळा ड्रेस इस्त्री केला, दफनाच्या दिवशीचा. आरशासमोर हनुवटी खाली ठेवून बसून बघितलं. जमतं. मान दुखते, पण जमतं. मी कधी कुणाला थांबवलंय असं झालं नाही आयुष्यात; बटाटे थांबत नाहीत, पोरं थांबत नाहीत. उद्या थांबवेन.

फडकं धुऊन वाळवून कोरिनला दिलं. तिथे तरी माझं काहीतरी वाजू दे.

१० मे, रविवार

चर्चला गेले नाही. लिहून काढते.

ऊन कडक होतं. मैदान भरलेलं, दूरवर तेलाचे पंप माना हलवत होते, मांस भाजल्याचा धूर स्टेजवर येत होता. सगळ्यांच्या डोक्यावर हॅट, बायकांच्यासुद्धा. मेयरने भाषण केलं. त्यात डॉयलचं नाव नव्हतं. पाटीवरचं कापड ओढलं तर ते अडकलं, दोघांनी शिडी आणली. मला बरं वाटलं.

मी कोरिनच्या डाव्या हाताला घडीच्या खुर्चीवर. खालून कुणीतरी ओरडलं, "ओपल, तू काय वाजवणार आहेस?" मी ओरडले, "तुझं थोबाड!" लोक हसले.

रॉईस गायला. आवाज खरडल्यासारखा झालाय, पण गाणी त्याच्यात अजून आहेत, खोटं कशाला लिहू. प्रत्येक गाण्याला वळायचा, कोरिन हनुवटी उचलायची, शिरायचा. कोरिन असं वाजवत होती की माझे पाय आपोआप हलायला लागले, ते मी खुर्चीच्या दांडीला अडकवून ठेवले.

मग 'कालव्याकाठी'. पहिलं कडवं. दुसरं. आणि सगळं गप्प.

कोरिनने काठी वर घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

रॉईस वळला. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या नजरेमागून माझ्याकडे. मी हनुवटी छातीला लावली आणि डोळे वर करून त्याला बघत राहिले. त्याला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. बसला नाही. आरोळी ठोकेल, हात करेल, काहीतरी करेल. काही केलं नाही. तोंड थोडं उघडं, बोटं गिटारवर.

थांब म्हटलं. थांब आता.

आधी लोकांना वाटलं थांबा आहे तोच. मग कुणीतरी शिटी वाजवली. मग एक जण खोकला. एक पोर रडायला लागलं, आईने त्याला दाबलं. बाजूचा गिटारवाला कोरिनकडे बघून भुवया उडवायला लागला, ती ढिम्म. आणि मला, काय सांगू, थंड पाणी प्यायल्यासारखं वाटत होतं. हा घे बार्स्टो. हा घे तुझा कापलेला फोटो. हे घे माझ्या नवऱ्याने उचललेलं प्रत्येक टायर.

मग रॉईसने हात वर नेला आणि हॅट काढली.

टक्कल उन्हात चमकलं, डाग पडलेलं. हॅट त्याने छातीशी धरली, गिटारवर. माझ्याकडेच बघत होता. पुढच्या रांगेत बटाट्यांच्या वेळचा एक म्हातारा होता, त्याने ते बघितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, निळ्या ड्रेसकडे, ड्रमकडे. आणि त्यानेही स्वतःची काढली. शेजाऱ्याने काढली. मग ते मागे मागे सरकत गेलं, वाऱ्याने गहू पडावा तसं. बसलेले उठले. मांस भाजणाऱ्याने चिमटा ठेवला. कुंपणाबाहेर ट्रकच्या टपावर बसलेली पोरं खाली उतरली. गर्दीतून कुणीतरी हळू म्हणालं, "डॉयल टॅकेट." मग दुसऱ्या बाजूने आणखी कुणीतरी. पंपांचा आवाज तेवढा येत होता.

मूर्ख लोक! हा माझा सूड होता, आणि हे मेले त्याला दफन समजून बसले.

मी काय करायला हवं होतं? उभं राहून सांगायला हवं होतं की घाला त्या टोप्या, मी या माणसाला फाशी देतेय? सगळं मैदान उघड्या डोक्याने उभं होतं. धुकं नव्हतं. शेवटच्या माणसापर्यंत मला स्वच्छ दिसत होतं. मी एकेक बघितला. घाई केली नाही. ज्यांना यायचं होतं त्यांना येऊ दिलं.

सगळे बघून झाले, तेव्हा मी हनुवटी उचलली.

टकोरा फडक्याच्या कडेला बसला आणि सगळं कोसळलं. रॉईस चुकीच्या ठिकाणी शिरला. हनुवटी समोर असूनसुद्धा! कोरिनने त्याला अर्ध्या ओळीत उचलून घेतला, आजोबा घ्यायचा तसा.

घरी येताना ती गाडीत म्हणाली, "झालं समाधान?"

मी म्हटलं, "त्याने हॅट काढून घोळ केला. नाहीतर झालं असतं."

२ जून, मंगळवार

मधे लिहिण्यासारखं काही झालं नाही. पास्टरच्या बायकोने विचारलं हलकं वाटतं का. मी म्हटलं, वजन तेवढंच आहे, पकड बदलली.

आज कोरिन गेली. रॉईस न्यायला आला होता. मी छोटे पाव आणि ग्रेव्ही केली होती, पोरीसाठी. तो दारात उभाच राहिला म्हणून त्यालाही द्यावं लागलं. करपलेलं दिलं. खाल्लं.

"फार वेळ थांबवलंस, ओपल," तो म्हणाला.

"अजून थांबवणार होते."

"माहीत आहे. कोरिनने आधीच सांगितलं होतं मला."

मी पोरीकडे बघितलं. ती ड्रम गाडीत ठेवण्यात फारच गुंतली होती. दोघांचंही थोबाड फोडायला हवं, पण ग्रेव्ही हातात होती.

"मग आलास कशाला वर? पळून जायचंस."

त्याने अंगणाकडे बघितलं. उन्हात कोंबड्या धूळ उडवत होत्या. "असंच ऊन होतं बार्स्टोला," तो म्हणाला, माझ्याशी नाही, असाच. "बस सुटायला लागली होती. डॉयलने ड्रम माझ्या अंगावर टाकले आणि पळत सुटला. दार बंद होता होता धरलं त्याने. एकदाही मागे वळून बघितलं नाही." मग त्याला बहुतेक आठवलं तो कुणासमोर बोलतोय. हॅट डोक्यावर घातली, ताटली माझ्या हातात दिली, आणि गाडीत जाऊन बसला.

कोरिनने जाताना हात हलवला. निळं फडकं तिच्याकडेच आहे. राहू दे.

गाडी वळली तरी मी दारात होते. पळत सुटला म्हणे. हाकललेला माणूस बस धरायला पळत जाईल कधी? दौऱ्यावरचे पुढचे महिने, रेकॉर्ड, नाव, सगळं मागे टाकून कोण पळतं, आणि कशाकडे? म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं, दुसरं काय.

मग कोंबड्यांचं भांडं भरायला पाइप घेऊन खुराड्यात गेले. भांडं कधी भरलं कळलंच नाही. पाणी काठावरून सांडलं, खालच्या रेकॉर्डवरून वाहत गेलं, आणि चिखल निघून गेल्यावर कडेला डॉयलचं कोपर दिसायला लागलं. मी बघत उभी राहिले. नळ चालूच होता.